पश्चिमेची भिंत

झाशी मागे पडली आणि आमच्या डब्यातल्या लोकांनी धडाधड खिडक्या बंद केल्या. अजून दुपारही झाली नव्हती. मी माझी तेवढी उघडी ठेवली. खिडकीशी बसून वारा खायचा नसेल तर प्रवास कशाला करायचा, असं माझं मत आहे, आणि माझी मतं सहसा बदलत नाहीत. समोरच्या बाकावर डबऱ्याला उतरणारे एक कापडाचे व्यापारी होते. ते हात जोडून म्हणाले, "माताजी, बंद कर लीजिए, लू लग जाएगी." (लू म्हणजे उन्हाळ्यात इकडे वाहणारा कोरडा, भाजणारा वारा.) मी त्यांना ऐकवलं, की मी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला आहे, लू काय असते ते मला माहीत आहे. त्यावर त्यांनी खिशातून एक कांदा काढून दाखवला, लू लागू नये म्हणून जवळ बाळगलेला, आणि तो परत खिशात ठेवून डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने माझे ओठ फुटले, तेव्हा मीही खिडकी बंद केली. ते झोपलेले होते म्हणून बरं.

ग्वाल्हेरला मी हवा खायला चालले नव्हते. माझी धाकटी बहीण सुनंदा लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता एक पिढी लोटली. तिची मुलगी केतकी आर्किटेक्ट आहे. तिथल्या मराठी मंडळाचं जुनं सभागृह पाडून नवं बांधायचं काम केतकीला मिळालं. तिचं पहिलं मोठं काम. इमारत उभी राहिली, आता उद्घाटन तोंडावर आलं, आणि मंडळाच्या कमिटीने ठरवलं, की रस्त्याकडची पश्चिमेची दगडी भिंत मधोमध फोडून तिथे वरपासून खालपर्यंत काच लावायची आणि आत एसी बसवायचे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मंडळाची सभा होती, तिच्यात हा ठराव येणार होता. केतकीने घरी जाहीर केलं होतं, की भिंत फुटली तर इमारतीवरचं आपलं नाव काढून घेईन आणि गुरगावला नोकरी धरीन.

सुनंदाचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "ताई, तू ये आणि तिला समजाव. ती कोणाची ऐकत नाही. आम्हाला या लोकांतच राहायचं आहे ना!" घरात कुणाचं लग्न अडलं, कुणाचा अबोला वाढला, की मला बोलावतात. मी एक पिशवी भरली आणि निघाले. पोरीला चार शब्द सुनवायचे, अध्यक्षांना एक नमस्कार करायला लावायचा, काच तर काच, आणि परत यायचं, असा माझा साधा बेत होता.

स्टेशनवर केतकी स्कूटर घेऊन आली होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे दिसत होते. उन्हाळ्यात इथल्या सगळ्या मुली अशाच हिंडतात. तिने आधी माझ्याही डोक्याला एक ओढणी बांधली. "मावशी, आईने तुला बुलाया है मुझे समझाने के लिए, मला माहीत आहे," ती म्हणाली. "समजाव, पण आधी सगळं बघून घे. मग जे बोलशील ते मी ऐकणार."

मला तिचं हे बोलणं आवडलं. मी म्हटलं, चल, दाखव.

पहिल्यांदा तिने मला नाश्त्याला नेलं. बेडई (उडदाची डाळ भरलेली फुगीर पुरी) आणि बटाट्याची तिखट पातळ भाजी. मी दोन बेडया खाल्ल्या, तिसरी मागवली आणि पुण्यातल्या नाश्त्याविषयी एक अवाक्षर काढलं नाही, यातच काय ते समजा. मग आम्ही सिटी सेंटरला गेलो. हा शहराचा नवा भाग. बँका, कचेऱ्या, दवाखाने, आणि जिकडे बघावं तिकडे निळसर काच. दिसायला सगळं झकपक. केतकीने एका कचेरीपुढे स्कूटर थांबवली आणि म्हणाली, "मावशी, काचेच्या मागे बघ."

मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. काचेला आतून जुन्या खोक्यांचे पुठ्ठे चिकटवले होते. एका मजल्यावर थर्मोकोल, दुसऱ्यावर जाड पडदे, आणि एका खिडकीला चक्क चादर. उजेडासाठी काच लावली, उन्हासाठी ती झाकली आणि आत दिवसाढवळ्या दिवे लावले. मागच्या बाजूला एसीची खोकी रांगेने गरम हवा रस्त्यावर फेकत होती.

"काचेतून ऊन आत येतं, पण गर्मी बाहेर नाही निघत," केतकी म्हणाली. "बंद गाडी उन्हात उभी केली की जे होतं ना, वही. आणि आपल्या हॉलचा चेहरा पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर सगळं ऊन सीधा तोंडावर."

मला हे पटलं, पण मी तसं दाखवलं नाही. समजवायला आलेल्या माणसाने पहिल्याच तासात पटवून घेणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आम्ही किला गेटवरून किल्ल्यावर चढलो. किल्ला मी चित्रात पाहिला होता. पण प्रत्यक्षात तो एक लांबच लांब खडक आहे आणि त्याच्यावर राजवाड्याची भिंत निळ्या फरशांनी नटून बसली आहे. बाहेरचे प्रवासी त्या फरशांचे फोटो काढत होते. केतकी मला आत जमिनीखालच्या दालनांत घेऊन गेली. वर ऊन तापायला लागलं होतं, आणि खाली इतका गारवा, की मी पदर खांद्यावर ओढून घेतला. जाड दगड, बारीक जाळ्या आणि हवा खेळवायला भिंतीतून काढलेल्या वाटा. इथे आलेल्या शाळेच्या सहलीत तिने म्हणे मास्तरांना विचारलं होतं, की पंखा नाही तर थंड कसं? मास्तर म्हणाले, पुढे चल. ती मात्र तिथेच थांबली आणि अख्खी सहल तिला शोधत बसली. हे सांगताना ती हसत होती. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तो लपवावा असंही मला वाटलं नाही. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

खाली उतरून लष्कर नावाच्या जुन्या भागात मंडळाच्या सभागृहाकडे गेलो. पाटणकर बाजाराच्या मागच्या बाजूला, एका रुंद रस्त्यावर. इमारत बुटकी, बदामी रंगाची. इथल्याच खाणीतला वालुकाश्म. पश्चिमेला, रस्त्यावर, आधी दगडी जाळीचा एक पडदा. त्याच्या मागे हातभर अंतर सोडून भिंत, आणि ती भिंतही एक नाही, दोन, त्यांच्यामध्ये पोकळी. ऊन जाळीवर पडतं, जाळीची सावली भिंतीवर पडते, भिंतीला लागलेली ऊब पोकळीत अडते. छतावर मातीची लहान मडकी उपडी घालून वर चुना आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवलेले. केतकी ते सगळं मला इतक्या प्रेमाने दाखवत होती, जसं कुणी आपलं घर मांडलेलं दाखवावं. "दुपारचं ऊन या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते," ती म्हणाली. "तोपर्यंत हॉल खाली झालेला असतो."

मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. खरं सांगायचं तर बाहेरून ती इमारत शेजारच्या चकचकीत शोरूमपुढे साधी दिसत होती. मंडळाच्या माणसांचंही काही चुकत नव्हतं, असं मला वाटून गेलं.

आणि ती माणसं भेटली तेव्हा तर ते जास्तच वाटलं. अध्यक्ष अप्पासाहेब संध्याकाळी सुनंदाकडे आले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा. त्यांचे पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर आले. ते स्वतः वीज खात्यातून निवृत्त झाले. त्यांचं मराठी ऐकताना गंमत वाटत होती. "ताई, मुलगी हुशार आहे, मी कधी ना बोललो नाही," ते म्हणाले. "पण आमची मुलं म्हणतात, ये क्या गोदाम बना दिया! लग्नं सगळी सिटी सेंटरच्या हॉलमध्ये होऊन राहिली आहेत. आम्ही लोक इथे तलवार घेऊन आलो होतो. आता आमचा हॉल कोणापेक्षा कमी दिसला तर मला चालणार नाही."

केतकी म्हणाली, "अप्पासाहेब, दिसायचं बघून झालं की लोक आत बसणार आहेत."

सुनंदाने तिला डोळ्यांनी दटावलं. अप्पासाहेब उठले आणि चहा अर्धा ठेवून गेले. ग्वाल्हेरच्या मराठी घरात चहा अर्धा ठेवून जाणं म्हणजे काय, ते मला सुनंदाच्या चेहऱ्यावरून कळलं. रात्रीच्या जेवणावर कुणाचं लक्ष नव्हतं. मी केतकीला म्हटलं, "थोडं मागे घे. मधली एवढीशी काच. तुझं नाव राहील, आईची झोप राहील." ती म्हणाली, "मावशी, भिंतीला मधोमध एवढंसं भोक पाडलं की ती भिंत नाही राहत." माझा सल्ला कुणी असा परत केला की मला राग येतो. मी उशीवर डोकं टेकलं ते तिच्यावर रागावूनच.

हळदीकुंकवाच्या सकाळी आम्ही पाटणकर बाजारातून कैऱ्या, हरभरे, वाळा आणि मोगऱ्याचे गजरे घेतले. दुकानदार सुनंदाला म्हणाला, "भाभीजी, इस बार नए हॉल में गौर बैठेगी?" सुनंदा फक्त "हो" म्हणाली. चैत्रगौर झोपाळ्यावर बसवायची, बायकांना आंब्याची डाळ आणि पन्हं द्यायचं, हरभऱ्यांनी ओटी भरायची. हे पुण्यात आता मोजक्या घरांत उरलं आहे. इथे अजून सगळं मंडळ जमतं. मला हे बघून फार बरं वाटलं.

केतकी आणि सुनंदा डाळ वाटायला घरी गेल्या आणि मला गौरीची आरास करायला सभागृहात सोडलं. पहाटेच केतकी येऊन सगळ्या खिडक्यांच्या झडपा लावून गेली होती, हे मला नंतर कळलं. आत अंधुक आणि बंद बंद. मी इकडे तिकडे बघितलं आणि मला वाटलं, अरेच्चा, उद्घाटनाआधीचा पहिला कार्यक्रम, शंभर बायका येणार, आणि खिडकी एक उघडी नाही! चुन्याचा वास येतोय. हवा खेळती पाहिजे. पुण्यात आमच्याकडे पाहुणे यायचे म्हणजे आधी खिडक्या सताड उघडतात. मी पदर खोचला आणि पूर्वेच्या, उत्तरेच्या, वरचे झरोके काठीने, झाडून सगळ्या खिडक्या उघडल्या. वारा भसकन आत आला. छान झालं म्हणत मी झोपाळ्याला गजरे बांधायला घेतले.

गजरे बांधता बांधता ते माझ्या हातात कोमेजले. मला वाटलं, फुलंच शिळी दिली मेल्याने.

तेवढ्यात अप्पासाहेब कमिटीच्या दोघांना घेऊन व्यवस्था बघायला आले. दारातच थांबले. कपाळाचा घाम पुसला आणि त्या दोघांकडे वळून म्हणाले, "बघा! मी काय बोलत होतो? भट्टी आहे, भट्टी! यात बायका बसणार?" त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता आणि थोडं वाईटही वाटलेलं होतं, पैसा मंडळाचा होता, इमारत त्यांचीही होती.

त्यांच्या मागोमाग केतकी डाळीचं पातेलं घेऊन आली. तिने उघड्या खिडक्या पाहिल्या आणि पातेलं तिथेच जमिनीवर ठेवलं.

"खिडक्या कोणी उघडल्या?"

"मी," मी म्हटलं. "हवा नको का खेळायला?"

"मावशी, ये पुणे नहीं है!" ती इतक्या मोठ्याने ओरडली, की झोपाळ्यावरची गौर दचकली असेल. "बाहेर आग आहे आणि तू तिला आत बोलावलंस! रात्री उघडायचं, थंडी भरून घ्यायची, आणि सकाळी बंद करायचं, हे इथे शेंबड्या पोराला पण माहीत आहे!"

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगणार कसं? ग्वाल्हेरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. तिला सुचलंच नसेल, की जगात दुपारी बारा वाजता खिडक्या उघडणारी माणसंही असतात. मी आयुष्यभर वर्गात फळ्यावर विषम हवामान लिहून दिलं, आणि भाचीच्या परीक्षेच्या दिवशी तिच्या वर्गात लू सोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनंदा पन्ह्याचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिने मला समजवायला बोलावलं होतं आणि मी घर बुडवून ठेवलं होतं.

मी अप्पासाहेबांना म्हटलं, "अप्पासाहेब, चूक माझी आहे, इमारतीची नाही."

ते हसले. "ताई, एक खिडकी उघडली आणि हॉलची भट्टी झाली, तर ती इमारत कशी?"

तेव्हा केतकीने एक गोष्ट केली. ती रडली नाही आणि भांडलीही नाही. तिने एकेक खिडकी लावली, झरोके काठीने ओढून घेतले, दार लोटलं आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून एक खुर्ची ठेवली. "अप्पासाहेब, इथे बसा. पन्हं घ्या. हे पन्हं संपेपर्यंत बसा. मग जे तुम्ही म्हणाल ते सभेत मी स्वतः मांडीन."

अप्पासाहेब बसले. त्यांची पाठ भिंतीला टेकली आणि ते चटकन पुढे झाले. मग पुन्हा हळूच टेकले. हात मागे नेऊन त्यांनी भिंत चाचपली.

"ही थंड आहे," ते म्हणाले.

"पूर्ण रात्र थंडी पिऊन बसली आहे," केतकी म्हणाली. "मावशीने हवा गरम केली. भिंत थोडीच गरम होणार दोन तासांत?"

मीही जाऊन तळहात टेकवला. बाहेर त्या भिंतीच्या जाळीवर ऊन नुकतं यायला लागलं होतं, आणि आतला दगड माठासारखा गार होता. आम्ही सगळे भिंतीकडेला बसलो. गारवा येताना मला अक्षरशः कळला. आधी पायांना. मग मानेला. माझा घाम वाळला. कमिटीतले एक काका डोळे मिटून बसले होते, त्यांनी ते उघडलेच नाहीत. अप्पासाहेबांनी पन्ह्याचा शेवटचा घोट उगाच बराच वेळ लांबवला. ते वीज खात्यातले. एसी किती वीज खातो याचा हिशेब मनात करत असावेत, असं मला वाटलं.

मग बायका यायला लागल्या. उन्हातून आलेल्या, लाल झालेल्या, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेल्या. आत येऊन त्या पदर सैल करत आणि "हाश्श" म्हणत भिंतीकडेला बसत. हातपंख्यांची टोपली दाराशी ठेवली होती, तिला कुणी हात लावेना. माझे गजरे गेले ते गेलेच, पण सुनंदाने उत्साहाने डाळ वाढायला घेतली. एका वयस्क बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही केतकीच्या आई ना?" तीस वर्षं त्या गावात राहूनही सुनंदाला सगळे यजमानांच्या नावाने ओळखत. ती "हो, मी केतकीची आई" म्हणाली आणि त्या बाईंच्या वाटीत डाळ दोनदा वाढली.

सभा झाली तेव्हा सूर्य अगदी समोर होता आणि जाळीतून त्याचे लहान लहान तुकडे भिंतीच्या बाहेरच अडले होते. अप्पासाहेब ठरावाचा कागद हातात घेऊन उठले आणि तो न वाचताच घडी करून खिशात ठेवला. "आमचे पूर्वज इथे आले तेव्हा त्यांनी कोणाची नक्कल नाही केली," ते म्हणाले. "मी पण आता म्हातारपणात नक्कल करणार नाही. भिंत राहील. पण केतकी, मला रस्त्यावरून मंडळाचं नाव दिसलं पाहिजे. दुरून दिसलं पाहिजे. काय करशील?"

"याच दगडात कोरून देते," ती म्हणाली. "आणि वरून दिवा सोडते. सिटी सेंटरच्या हॉलला आहे का असं नाव?"

"नाही," अप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या मिशा हसल्या. टाळ्या पडल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या, कारण माझं कर्ज सगळ्यात मोठं होतं. केतकी माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तू खिडक्या उघडल्या नसत्या तर त्यांना नुसतं वाटलं असतं, की आज हवा बरी आहे." हे तिने माझं मन राखायला म्हटलं की खरंच, ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी परतीच्या गाडीत बसले. सुनंदा खिडकीशी उभी राहून म्हणाली, "ताई, तू आली होतीस तिला समजवायला." मी म्हटलं, "समजवायला आले होते खरं. पण पोरगी आपल्यापेक्षा मोठी झालीय, ते तूही आता समजून घे." तिने मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. गाडी हलली. केतकी फलाटावर उभी होती, ओढणी गुंडाळून, आणि लगेच स्कूटरकडे वळली, कारण नाव कोरणारे कारागीर तिची वाट बघत होते. ती आता गुरगावला जाणार नाही.

पुण्यात इतकी वर्षं कुणी विचारलं, तुमची ग्वाल्हेरची भाची काय करते, तर मी म्हणत असे, "आर्किटेक्ट आहे, पण अजून नीट जम बसायचाय." परवा सोसायटीच्या जिन्यात शेजारणीने ग्वाल्हेरला काय काय पाहिलं ते विचारलं. मी किल्ल्यापासून सुरुवात करणार होते. पण तोंडातून पहिलं वाक्य आलं ते असं: "माझ्या भाचीने तिथे एक भिंत बांधली आहे. या उन्हाळ्यात जाल तर तिला पाठ टेकवून बसा."